चढावर दुखणारी दाढ

लिंबाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका शिक्षिकाबाईंच्या दाढेत सिमेंट भरत होतो. फोन त्याच्या मुलाचा, रामेश्वरचा होता. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मी "निघतो" म्हणालो, हातमोजे बदलले, अर्धवट राहिलेली दाढ नीट भरून पूर्ण केली आणि दोन तास त्या बाजूनं काही चावू नका, असंही बाईंना सांगितलं. मग आतल्या खोलीत जाऊन बसलो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. इतक्या दिवसांत एक गोष्ट मी कुणापाशी बोललेलो नाही, ती आधी सांगून टाकतो. त्या खोलीत बसल्यावर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं... रडू आलं ते नंतर, जालन्याच्या रस्त्याला लागल्यावर.

लिंबाजी माझा शाळेतला मित्र. भोकरदनच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. आमची बौद्ध वस्ती गावाच्या एका टोकाला आणि त्यांचा धनगरवाडा दुसऱ्या टोकाला, पण शाळेच्या वर्गात आम्ही एकाच तरटावर बसलो. सातवीनंतर तो मेंढ्यांमागे गेला आणि मी तालुक्याच्या शाळेत. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. मी वसतिगृहावर असलो की तिची खबर घ्यायला लिंबाजीच जायचा आणि बाजारच्या दिवशी भोकरदनला येऊन ती मला सांगायचा. मी दाताचा डॉक्टर झालो तेव्हा आनंद आमच्या घरी झाला नसेल इतका त्याला झाला. गावातला पहिला डॉक्टर! दवाखाना उघडला त्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी हजर. दातांना काही झालेलं नव्हतं, पण भवानी माझ्याच हातची पाहिजे म्हणून खुर्चीत आडवा झाला आणि डोक्याचं पागोटं छातीवर धरून दात साफ करून घेतले. उतरताना म्हणाला, "आता आपुन दोघंबी दाताचे डॉक्टर. तू माणसाचे बघ, मी मेंढराचे बघतो." ते खरंच होतं. मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून ती दोनदाती आहे की चारदाती हे तो चालता चालता सांगायचा, आणि माझ्यापेक्षा कमी वेळात.

चालणं मात्र त्याचंच. सकाळी मेंढ्या सोडल्या की संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर सहज व्हायचे, तेही डोंगराच्या अंगानं. छपन्नाव्या वर्षीही पोट नाही, दम लागणं नाही, पायाला कुरकुर नाही. मी चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू केलेला, दोन जिने चढलो की कठडा धरणारा. तो मला पोटावरून चिडवायचा. "खुर्चीभवती फिरून फिरून पोट असं गोल झालं तुझं," म्हणायचा. मला तो डॉक्टर म्हणायचा आणि लगेच पुढच्या शब्दाला 'तू' लावायचा. त्या 'डॉक्टर' शब्दात थोडी चेष्टा असायची आणि पुष्कळ मिरवणं. लग्नात, दहाव्याला, जिथं कुठं चार माणसं जमतील तिथं माझ्या खांद्यावर हात ठेवून तो मला पुढे करायचा. मी अवघडायचो. आतून आवडायचंही.

दिवाळी झाल्यावर एका बाजारच्या दिवशी तो गालाला हात लावत आला. खालची डावीकडची शेवटची दाढ दुखते म्हणाला. दाढ दुखते की जबडा, असं मी विचारलं, तर त्यानं सगळ्या जबड्यावरून कानापर्यंत हात फिरवला आणि शेवटी बोट त्या दाढेवर आणून टेकवलं. तंबाखू तो त्याच गालात धरायचा. हिरडी लाल होती, दाढेवर मोहरीएवढा काळा ठिपका होता. मी दाढेवर ठोकून पाहिलं. दुखलं नाही. गार पाणी सोडून पाहिलं. दुखलं नाही. एक्स-रे काढला, त्यातही फारसं काही नव्हतं. माझ्याकडं आलेल्या अनोळखी माणसाचं असं असतं तर मी त्याला आठ दिवस थांब म्हटलं असतं. पण हा लिंबाजी होता. त्याच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. तंबाखूवरून चार शिव्या घातल्या आणि दाढ काढली. पाच दिवस मेंढ्यांमागे जाऊ नको, घरीच पड, असं बजावलं. रामेश्वरनं मेंढ्या नेल्या, हा घरी पडून राहिला आणि दुखणं थांबलं. थांबणारच होतं. पण तेव्हा मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे.

पंधरा दिवसांनी दुखणं परत आलं. या वेळी गयावहिनी बरोबर होत्या. वहिनींचा स्वभाव कमी बोलण्याचा. त्या दवाखान्याच्या दारातच उभ्या राहिल्या होत्या, बाकावर चार-पाच पेशंट बसलेले. मी लिंबाजीच्या तोंडात आरसा घालून बघत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू का? घरी बसल्यावर ह्यायला दुखत न्हाई. भाकर चावताना बी दुखत न्हाई. मेंढरं घेऊन चढाला लागले की दुखतं. उभं राह्यलं की थांबतं. दात असा चालन्यावर कसा दुखंल?"

मी हसलो. मनातल्या मनात नाही, मोठ्यानं. बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, चढावर गार वारं तोंडात जातं, जबड्याला झटके बसतात. दाताला काय, तो कुठंही दुखतो. आता तुम्हीच घ्या ही पक्कड." बाकावरची माणसंही हसली. वहिनींनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. त्यानंतर त्या माझ्या दवाखान्यात आल्या नाहीत.

इथं मला एक सांगितलंच पाहिजे. हृदयाचं दुखणं कधी कधी छातीत जाणवतच नाही, खालच्या जबड्यात जाणवतं, चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं होतं. नुसतं शिकवलेलं नव्हतं, परीक्षेत मला तो प्रश्न आला होता आणि मी दीड पान उत्तर लिहिलं होतं. वहिनी दारात उभ्या राहून ते दीड पान मला शब्दाशब्दानं वाचून दाखवत होत्या. मला ते ओळखू आलं नाही, कारण ते एका न शिकलेल्या बाईच्या तोंडून आलं. आणि दुसरं म्हणजे, जो माणूस रोज डोंगर चढतो-उतरतो त्याच्या काळजाला काय होणार, असं मला वाटत होतं. काळजी करायची तर माझ्या काळजाची! त्या दिवशी मी त्याची शेजारची दुसरी दाढ काढली. ती काढताना मला जोर लावावा लागला. मुळं घट्ट होती. हाताला ते कळत होतं, आणि तरीही माझा हात थांबला नाही.

त्यानंतर लिंबाजी बरा झाला. म्हणजे तसं तो म्हणायचा. बाजारच्या दिवशी वर दवाखान्यात यायचा, दारातून आवाज द्यायचा, "हाय का डॉक्टर?" मी विचारायचो, "काय म्हणते दाढ?" "दाढ ऱ्हायलीच कुठं म्हनायला? बिलकुल बरं हाय." आणि हसायचा. एकदा हुरड्याची कणसं घेऊन आला, एकदा नातवाला दाखवायला घेऊन आला. नातवाला म्हणाला, "ह्यो तुझा डॉक्टर आजोबा, ह्याच्यासारखं शिकायचं." मी खुश. त्याच सुमारास एका शाळेत मला दातांच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं होतं. तिथं मी लिंबाजीची गोष्ट नाव न घेता सांगितली. एका मेंढपाळाचं दुखणं एक दाढ काढूनही जाईना, पण मी मूळ सोडलं नाही, शोधून काढलं, असं सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही कुठं तोंड लपवावं असं होतं.

फाल्गुनात, दुपारी, डोंगराच्या अर्ध्या चढावर तो जबडा धरून खाली बसला, आणि त्याला उठता येईना. रामेश्वर थोड्याच अंतरावर होता म्हणून निभावलं. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून त्याला भोकरदनला आणलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं जालन्याला. मोठा झटका होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. पागोटं नसलेला लिंबाजी मी फार वर्षांनी पाहत होतो. कपाळाचा वरचा भाग उन्हानं कधी न रापलेला, पांढरट. मला बघून त्यानं बोटं हलवली. मी खाटेच्या डोक्याशी उभा राहिलो. वहिनी पायाशी.

तेवढ्यात तिथल्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या, बोलणं स्वच्छ. त्यांनी मला विचारलं, आपण कोण. मी म्हणालो, मित्र आहे, भोकरदनला डेंटिस्ट आहे. त्यांनी मान हलवली आणि लिंबाजीला विचारलं, "काका, याआधी कधी छातीत दुखलं होतं?"

"छातीत न्हाई दुखलं कधी."

"हात, पाठ, मान, जबडा?"

"जबडा दुखायचा... चढाला लागलं की."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासनं."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "मग कुणाला दाखवलं नाही?"

"दाढ हाय म्हनून दोन दाढा काढल्या."

"कुणी काढल्या?"

मी तिथंच होतो. एक हात त्याच्या उशीवर होता. लिंबाजीनं माझ्याकडं पाहिलं नाही. वर छताकडं पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "बाजारात एक दातवाला बसतो, रस्त्यावर. त्याच्याकून काढल्या."

डॉक्टरबाईंना राग आला. तो रास्तच होता. "काका, अशा लोकांकडे कशाला जाता? ते जबड्याचं दुखणं हृदयाचं होतं. तेव्हाच कुणा शिकलेल्या माणसाला दाखवलं असतं तर आज ही वेळ नसती आली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही तिथलेच आहात ना? तुम्ही तरी समजावून सांगत जा या लोकांना."

मी "हो" म्हणालो.

त्या 'हो'ला आता सहा आठवड्यांहून जास्त दिवस झाले आणि एकही दिवस असा गेला नाही की तो मला ऐकू आला नाही. वहिनी पायाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नवऱ्याच्या पायावरची चादर सारखी केली. डॉक्टर निघून गेल्या. लिंबाजी मला म्हणाला, "डॉक्टर, तू चहा घेतला का न्हाई?" मी चहाला म्हणून बाहेर गेलो आणि दवाखान्याच्या भिंतीआड बराच वेळ उभा राहिलो. परत जाऊन त्या डॉक्टरांना गाठावं, सांगावं की तो रस्त्यावरचा माणूस मीच... पाय उचलला नाही. उद्या सांगू, असं म्हणालो. उद्याही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पेशंटच्या वेळा दिलेल्या आहेत असं कारण काढून भोकरदनला आलो. चौथ्या दिवशी रामेश्वरचा फोन आला.

दहाव्याला गावातली दोन माणसं बोलली. एकानं सांगितलं की डॉक्टरनी मैत्री कशी निभवावी ते दाखवून दिलं, जालन्याला तीन दिवस उशाशी बसून राह्यले. लोकांनी माना वळवून माझ्याकडं आदरानं पाहिलं. मी खाली बघत बसलो आणि लोकांना ते दुःख वाटलं.

महिन्यानं, एका सकाळी, मी एकटाच धनगरवाड्यावर गेलो. वहिनी कोकरांना पाणी पाजत होत्या. मेंढ्या रामेश्वरबरोबर गेलेल्या, मागे राहिलेली कोकरं ओरडत होती. मी बाजेवर बसलो नाही, उभाच राहिलो आणि सरळ बोलून टाकलं. दोन्ही दाढा चांगल्या होत्या, वहिनी. मला कळायला हवं होतं. कळलं नाही. आणि जालन्यात मी तोंड उघडलं नाही.

वहिनींनी बादली खाली ठेवली. "मी सांगितलं व्हतं तुमाला," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमी हसले."

मग कोकरांकडं बघत त्या सांगू लागल्या.

"दुसरी दाढ काढली, त्याच्या आठ दिवसांनी पुन्हा दुखून राह्यलं व्हतं. मी म्हनलं, चला, पुन्हा भाऊजीकडं जाऊ, न्हाईतर दुसऱ्या कोन्या डॉक्टरकडं जाऊ. तर मला शप्पत घातली. म्हनले, दुसऱ्याकडं गेलो तर तो इचारंल, कोनी काढल्या. गावात ही गोष्ट फिरंल. आपल्या गावातून एक मानूस शिकला, त्याच्याकडं लोक इश्वासानं जातात, त्याचं नाव खराब करायचं न्हाई. आन् त्यालाबी सांगायचं न्हाई, म्हनले, त्याच्या जिवाला लागंल." एक कोकरू त्यांच्या पदराला तोंड लावत होतं, त्याला त्यांनी बाजूला केलं. "म्या शप्पत पाळली, भाऊजी. ती नसती पाळली तर बरं झालं असतं."

मी माफी मागितली. त्यांनी "असू द्या" म्हटलं नाही. चहाला बसा म्हणाल्या, ते मात्र म्हणाल्या, कारण दारात आलेल्या माणसाला ते म्हणायचं असतं. मी बसलो, चहा प्यालो आणि निघालो. त्यांनी मला माफ केलं असं मी इथं लिहू शकलो असतो. तसं झालेलं नाही आणि व्हावं असा हट्टही मी धरणार नाही. जालन्याच्या त्या डॉक्टरांना मी खरं काय ते लिहून पत्र पाठवलं आहे. तरीही इथं, चार लोकांच्या समोर लिहितो आहे, कारण तो माझं नाव चार लोकांच्या समोर घ्यायचा. भोकरदनच्या बाजारात रस्त्यावर बसणाऱ्या कुणाही माणसानं लिंबाजीच्या दाढा काढलेल्या नाहीत. त्या मी काढल्या.

गावाहून परत आलो त्या दिवशी दवाखाना उघडायचा मला धीर होईना. माझा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, तिथल्या गजाननची ओळख नुसती हात वर करण्यापुरती. जिन्याशी मी घुटमळत उभा राहिलो तर त्यानं बाहेरची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "बसा डॉक्टरसाहेब, दम घ्या." बसलो. तो म्हणाला, "ते मेंढरावाले काका गेले म्हनं. दर बाजाराला याच खुर्चीत बसायचे."

मी म्हणालो, माझ्याकडे येऊन जाताना बसत असतील.

"न्हाई, जातानी न्हाई. वर जायच्या आधी. स्टँडकडून चढ चढून यायचे ना, जबडा असा गच्च धरून यायचे. घाम आलेला असायचा. धा-पंधरा मिन्टं गप बसायचे, मंग तोंड पुसून वर जायचे. मी एक बार म्हनलंबी त्यायला, काका, दात दुखतो तर इथं काहून बसले? वर दाताचेच डॉक्टर हायत, जा की जल्दी."

"मग?"

"मंग काय... म्हनले, तिथंच चाललोय बाबा. पन दुखतंय तवर न्हाई जाता येत."